दाखला आणि फाईल

कागदाचे मोल आपल्या समाजाला कुणी शिकवावे लागत नाही. जातपडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा म्हणून भोर-वेल्ह्याच्या कचेऱ्यांत कोतवाल बुकाची जीर्ण पाने शोधणारे पालक आम्ही पाहिले आहेत. शाळा सोडल्याचा दाखला पत्र्याच्या पेटीत जपला जातो. त्याच घरात लहानपणीच्या कर्करोगाची फाईल मात्र ‘पोर बरे झाले’ म्हणून गळक्या कौलांखाली भिजून जाते.

आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या संमतीने हे लिहीत आहोत. दोन वर्षांचा असताना रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे दृष्टिपटलाचा कर्करोग झाल्याने त्याचा एक डोळा काढला. दुसरा उपचारांनी वाचला. पुढे सोयरीक अडू नये म्हणून घरच्यांनी ‘खेळताना लागले’ असेच सांगितले. त्यालाही तेच खरे वाटे. अठ्ठाविसाव्या वर्षी मांडीचे हाड सुजले, तेव्हा मुका मार समजून चार महिने मलमपट्टी झाली. अखेर आईने खरे सांगितले आणि तपासणीची दिशाच बदलली. तो हाडाचा कर्करोग निघाला.

हा योगायोग नव्हे. या आजाराच्या सुमारे चाळीस टक्के रुग्णांत ‘आरबी-१’ या जनुकातील दोष शरीरातील प्रत्येक पेशीत असतो. दोन्ही डोळ्यांना आजार झाला असेल तर तो आनुवंशिक प्रकारच समजावा. एकाच डोळ्याच्या रुग्णांतही काहींत तो आढळतो. अशांना पुढे हाडाचा, स्नायूंसारख्या मऊ ऊतींचा किंवा त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका आयुष्यभर राहतो. लहानपणी किरणोपचार झाले असल्यास अधिक. अपत्यात दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते, म्हणून बाळाचे डोळे जन्मापासूनच तपासावे लागतात. आमच्या विद्यार्थ्याच्या मुलीचे तपासले. ते निर्दोष आहेत. तंबाखू आणि विडी मात्र अशा माणसाने वर्ज्यच मानावी.

‘मागल्या जन्मीचे पाप’ हा शब्द अजूनही आपल्या वस्त्यांत कानी येतो, याची खंत वाटते. कार्यकारणभाव शिकवणाऱ्या धम्माच्या घरात तरी तो नसावा. महावग्गात तथागतांनी आजारी भिक्खूला स्वहस्ते न्हाऊ घातल्याची कथा आहे; तेथे त्याच्या पूर्वजन्माची चौकशी नाही, त्याची शुश्रूषा का होत नाही एवढीच विचारणा आहे.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात बालपणी कर्करोगातून बरे झालेल्यांसाठी १९९१ पासून ‘ॲक्ट’ हे पाठपुरावा चिकित्सालय चालते. वेल्ह्याहून परळ गाठायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, हे आम्ही जाणतो. तरी वर्षातून एकदा जावे आणि कोणत्याही डॉक्टरांपुढे बसताना आधी जुना आजार सांगावा.

यंदापासून प्रवेश-अर्जासोबत अशा मुलांच्या उपचारांच्या कागदांची छायाप्रत घेऊन ती बंद पाकिटात, मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवली जाईल. दहावीनंतर दाखल्याबरोबर तेच पाकीट विद्यार्थ्याच्या हाती दिले जाईल आणि आत काय आहे ते त्याला समजावून सांगितले जाईल.