पानाला भोक कोणी पाडले?

पानाला भोक दिसले की आपला हात आधी फवारणीच्या पंपाकडे जातो. तो जरा थांबवा आणि त्या रात्री बॅटरी घेऊन वाडीत एक चक्कर मारा.

आमच्या मढला पाऊस लागला की बोंबलाच्या वलांडी रिकाम्या होतात आणि घरामागच्या वाड्यांत भाजी उगवू लागते. शेजारच्या मावशींचा पालक असाच वर आला आणि चार रात्रींत नाहीसा झाला. अळी समजून त्यांनी दोनदा औषध मारले. पैसे गेले, पालकही गेला. मी रात्री नऊच्या सुमारास त्यांना वाडीत नेले, तर पपईच्या बुंध्यावर आणि ओल्या विटांच्या ढिगावर तपकिरी पट्ट्यांच्या, मुठीएवढ्या शंखी गोगलगाई बसलेल्या. अळीच्या औषधाने त्या कशा मराव्यात? गोगलगाय हा कीटकच नव्हे, ती कालव-तिसऱ्यांच्या गोतातली. हे ऐकून मावशी म्हणाल्या, "मग कालवण करू या का?" तेवढे मात्र करू नका. हिच्या अंगात मेंदूला इजा करणारा एक जंत असू शकतो. उघड्या हाताने धरूसुद्धा नये.

मूळची ही पूर्व आफ्रिकेची. 1847 साली बेन्सन नावाच्या साहेबाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणली. 2022 च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे हिने सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली, ते पुष्कळांना आठवत असेल.

हिची दुसरी बहीण बिनशंखाची, शेंबडासारखी मऊ. ती स्ट्रॉबेरीची वैरीण. महाबळेश्वर-पाचगणीकडे फळ लाल झाले आणि मातीला टेकले की ही रात्री त्यात खोल खळगा पाडते. दिवसा पानांखाली, आच्छादनाच्या कागदाखाली दडून राहते. मग शंका पाखरांवर जाते. पण पाखरू वरून टोचते, आणि मागे चिकटा ठेवत नाही. गोगलगाय जिथून जाते तिथे वाळलेल्या चिकट्याची चांदीसारखी रेघ सकाळच्या तिरप्या उन्हात चमकते. अळी असेल तर पानावर काळ्या लेंड्या सापडतात. एवढे पाहिलेत तरी औषधाचा निम्मा खर्च वाचेल.

उपाय सोपा, पण चिकाटीचा आहे. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधाकडेने टाका. सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगाई चिमट्याने किंवा हातमोजा घालून साबणाच्या नाहीतर मिठाच्या पाण्यात टाका. मीठ बादलीतच हं, शेतात नको, जमीन बिघडेल. पाणी सकाळी द्या, म्हणजे रात्री वरची माती कोरडी राहते. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या मिळतात. त्या पाकिटावरच्या प्रमाणातच आणि फळापासून दूर टाका. कुत्री, कोंबड्या आणि पोरे यांना तिकडे फिरकू देऊ नका.

आणखी एक. शंखी गोगलगाय आपल्या पायांनी फार लांब जात नाही, ती टेंपोत बसून जाते! कुंड्या, शेणखत, विटा, रोपांच्या पिशव्या, कशातूनही. मुंबईच्या बाजूने रोपे आणलीत तर लावण्याआधी पिशवीच्या बुडाची माती उकरून पाहा. भिजल्या साबुदाण्यासारखे पिवळट दाणे दिसले, तर ती तिची अंडी. एका वेळी शंभरावर असतात. ती तिथेच चिरडा आणि रोप आठवडाभर वेगळे ठेवा.