डॅशबोर्डवरचा अक्रोड

जुन्या गाडीच्या दारावरची लाकडी दिसणारी पट्टी काढायला मी भिगवणहून आणलेला मासेमारीचा नायलॉन दोरा वापरतो. उजनीच्या पाण्यावर गळ टाकायला असतो तोच. पट्टी हेअर ड्रायरने कोमट करायची, बोटाला सोसेल इतकीच. मग दोऱ्याची टोकं दोन्ही हातांत धरून पट्टीच्या मागून पुढं-मागं ओढत न्यायचं. फोमची डबल टेप चिरत जाते, पत्र्याला ओरखडा येत नाही. घाईनं स्क्रू-ड्रायव्हर घातला, तर तीस वर्षं उन्हात भाजलेलं प्लास्टिक कडकन मोडतं आणि तसा तुकडा पुन्हा बाजारात मिळत नाही.

माझी शेड बारामती एमआयडीसीत आहे. इथं सगळं नव्याच्या बाजूनं चालतं. पियाजिओच्या आपे रिक्षा इथल्याच, २०१२ पासून व्हेस्पाही. शेजारीपाजारी फोर्जिंग, पाइप, पावडर कोटिंग. या गर्दीत जुन्या गाड्यांच्या आतल्या सजावटीचं काम करणारा माणूस म्हणजे दार, डॅशबोर्ड, छताचं कापड असलं किरकोळ बघणारा, असा लोकांचा समज असतो. पण गाडीत बसलेल्या माणसाला आयुष्यभर दिसतो तो हाच भाग. इंजिन तो कधीमधी बघतो.

यंदा आली ती टाटा इस्टेट. टेल्कोनं १९९२ मध्ये बाजारात आणलेली, पुण्यात घडलेली डिझेल स्टेशन वॅगन. इंजिन १९४८ सीसीचं, सांगाडा टेल्कोलाइन पिकअपच्या घराण्यातला, मागून बघितलं तर मर्सिडीजच्या वॅगनची आठवण यावी अशी. पाटी एमएच १२ ची, कारण बारामतीला स्वतःचा एमएच ४२ मिळाला तो पुढं. मालक अण्णा, इंदापूर तालुक्यातले डाळिंब बागायतदार. गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली, आणि डॅशबोर्ड, गिअरचा चौकोन, चारही दारं यांवर वडिलांनीच हौसेनं नंतर बसवून घेतलेला ‘वुडन फिनिश’ सेट. त्या काळी शौकीन माणूस गाडीत पहिलं काही करायचा तर ते हेच. छपाई अक्रोडाच्या गाठीची, वर जाड पारदर्शक थर. तो थर पिवळा पडून त्यावर भेगांचं जाळं झालेलं, दोन पट्ट्या मोडलेल्या, एक गायब.

अण्णा म्हणाले, “मिस्त्री, हे सोंग काढून टाका. आमच्या वाड्याचं जुनं सागवान पडलंय. त्याच्या पट्ट्या मारा, खरं लाकूड होऊन जाऊ द्या.”

मी नाही म्हटलं. सागवानावर माझा राग नाही. पण मे महिन्यात काचा बंद करून उभी केलेली गाडी दुपारी उघडा. डॅशबोर्डवर तळहात टिकत नाही. त्या तापण्या-निवण्यात पातळ लाकूड एका चालीनं हलतं आणि खालचं प्लास्टिक दुसऱ्या. दोन उन्हाळ्यांत पट्टी टोकाला उचलते. महागड्या गाड्यांत खरं लाकूड असतं ते असं फळीतून कापलेलं नसतं. कागदासारखे पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवतात, मध्ये ॲल्युमिनियमचा पत्रा घालतात, म्हणजे अपघातात लाकडाच्या चिरफळ्या अंगावर येत नाहीत. ते घरच्या वाशातून करवतीनं निघत नाही.

आणि दुसरं कारण मला जास्त जवळचं आहे. या गाडीत सागवान कधी नव्हतं. अण्णांच्या वडिलांनी निवडला होता तो छापील अक्रोड.

लाकूड एके काळी गाडीचं हाड होतं. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला निघालेली पहिली एसटी बेडफर्डची होती आणि तिची बॉडी लाकडी होती. इंग्लंडात मॉरिस मायनर ट्रॅव्हलर १९५३ पासून १९७१ पर्यंत निघत राहिली. तिच्या मागच्या भागाची उघडी दिसणारी ॲश लाकडाची चौकट खरोखर भार घेते, ती कुजली तर गाडी तपासणीत नापास होते. अमेरिकेत फोर्डनं १९५२ मध्ये कंट्री स्क्वायरची बॉडी पोलादी केली आणि बाजूला लाकडाचं चित्र असलेली फिल्म डकवली. लोकांना ती इतकी आवडली की १९९१ ला ते मॉडेल बंद होईपर्यंत फिल्म उतरली नाही. या चित्राला सोंग म्हणणं मला पटत नाही. पत्र्याच्या डब्यात घराची ऊब हवी, ही माणसाची इच्छा खरी आहे, आणि अण्णांच्या वडिलांनी त्या इच्छेला पैसे मोजले होते.

मग शोधाशोध. नाना पेठेत स्पेअर पार्टवाल्यांकडे इस्टेट म्हटल्यावर लोक हसतात, पण आतून एखादा क्लिपचा पुडा काढून देतात. पुण्याच्या जुन्या बाजारात, कुर्ल्याला सीएसटी रोडवर सेट मिळाले ते दुसऱ्याच गाड्यांचे. फर्निचरची फिल्म टिंबर मार्केटात हवी तेवढी मिळते, मात्र तिची नक्षी कपाटाच्या दारासाठी काढलेली असते. चार हातांवरून बघायची. तीन बोटं रुंदीच्या पट्टीवर तिची एखादी कमान अर्धीच येते आणि उरतात नुसत्या रेघा. गाडीतलं लाकूड हातभर अंतरावरून दिसतं, त्याची गाठ तेवढीच बारीक हवी. पाण्यावर फिल्म तरंगवून सुटा भाग बुडवायची पद्धत चांगली आहे, पण तिच्यानं ठिगळ लावता येत नाही. लावायचं तर सगळंच नवं लावावं लागतं.

म्हणून ठरवलं, जेवढं जुनं शाबूत आहे तेवढं राखायचं. पिवळा थर पाण्यातल्या पॉलिश पेपरनं उतरवला. यात नजर पाण्यावर ठेवायची. पाणी दुधाळ येतंय तोवर वरचा थर निघतोय. त्यात किंचित तपकिरी झाक आली की हात थांबला पाहिजे, छपाई लागली. पुसायला साधा थिनर चालत नाही, तो एबीएस प्लास्टिक विरघळवतो.

गायब पट्टीसाठी इंदापूरच्या एका म्हाताऱ्या पेंटरकाकांना आणलं. लोखंडी कपाटांवर लाकडाच्या रेघा मारण्यात त्यांची उमेद गेली. त्यांची सवय तेलाच्या रंगाची, पण तेलाचा रंग वरच्या पारदर्शक टू-के क्लिअरखाली सुरकुततो, म्हणून मी त्यांना गाडीच्याच रंगात काम करायला लावलं. आधी बिस्किटी अस्तर. त्यावर पातळ केलेला गडद तपकिरी, आणि तो ओला असतानाच चुरगळलेल्या प्लास्टिकच्या पिशवीनं टिपत गेले. टिपलेल्या जागी अक्रोडाची गाठ उमटते. मग तीनच केसांच्या ब्रशनं गाठीत डोळे भरले. मी मध्येच म्हटलं, “काका, हा डोळा जरा मोठा झाला.” ते म्हणाले, “शेजारच्या पट्टीत बघ, तिथंही एक असाच आहे. त्याला जोडीदार नको?” बघितलं तर खरंच होता.

भिंगातून बघितलं तर जुन्या पट्टीवर छपाईचे ठिपके दिसतात, काकांच्या पट्टीवर सलग रेघ. सीटवर बसून दोन्ही एक दिसतात. रंग मी ट्यूबलाइटखाली जुळवला आणि दुपारच्या उन्हात पुन्हा बघितला. ट्यूबखाली जुळलेला तपकिरी उन्हात लालसर निघाला, तेव्हा काकांनी वरून हिरव्याची पुसटशी झाक दिली. शेवटी क्लिअर मारून त्याची चमक बारीक पेपरनं थोडी मोडली, कारण त्या काळच्या सेटला आजच्यासारखी काचेची चमक नव्हती.

गाडी न्यायला आल्यावर अण्णा ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि नवी पट्टी कुठली ते शोधू लागले. बोट ठेवलं ते जुन्या पट्टीवर. काकांना ते फार आवडलं.

ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांना माझं एवढंच मागणं आहे. पट्टीला सिलिकॉनचं पॉलिश लावू नका, त्यावर पुढं रंग धरत नाही. आणि मोडलेला तुकडा, कितीही छोटा असो, एका पिशवीत घालून डिकीत ठेवा. मला रंग, गाठीचा आकार आणि चमक, तिन्ही त्या तुकड्यावरूनच कळतात.