दुसऱ्याची पत

माझ्या कपाटांतून न विचारतां पुस्तक नेणारीं माणसें मला मनापासून आवडतात, असें मीं वर्गांत अनेकदां सांगितलें आहे. या मताला मी कायद्याचाही आधार देत असें. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालीं मसुदा होऊन पुढें १८६० सालीं संमत झालेल्या दंडसंहितेंत चोरीच्या कलमाखालीं एक मौजेचें उदाहरण आहे. स्नेह्याच्या ग्रंथसंग्रहांतून त्याच्या गैरहजेरींत कोणी केवळ वाचून परत करण्यासाठीं पुस्तक नेलें, आणि स्नेह्याची मूक संमति आहे असें त्याला वाटत असलें, तर ती चोरी नव्हे. दंडाचा कायदा लिहितांनाही पुस्तकांची आठवण व्हावी, याचें मला फार कौतुक वाटे.

गेल्या पावसाळ्यांत या कौतुकाची परीक्षा झाली. सकाळीं उठून मोबाइल पाहतों तों रात्रीं साडेबाराला माझ्या क्रेडिट कार्डावर ११,४०० रुपये खर्च पडल्याचा निरोप! तत्काळ बँकेला कळवून मीं कार्ड बंद करविलें. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणें, बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसतां तिऱ्हाइतानें पैसे लांबविले आणि तें कामकाजाच्या तीन दिवसांत कळविलें, तर ग्राहकाला तोशीस लागत नाहीं. मीं अर्ज भरला. ‘कोणाचा संशय आहे काय?’ या रकान्यांत ठळक अक्षरांत ‘नाहीं’ असें लिहिलें, आणि रात्रीं जेवतांना ही हकीकत मोठ्या आवेशानें घरांत सांगितली.

माझा भाचा शिक्षणासाठीं आमच्याकडे राहतो. त्याचा हात पानावरच थांबला. जेवणें झाल्यावर तो माझ्या खोलींत आला.

“मामा, तें मीं केलें.”

परीक्षेचें शुल्क भरण्याची ती अखेरची रात्र होती. वडिलांनीं पाठविलेले पैसे मित्रांबरोबरच्या सहलींत संपले होते. कार्ड मेजावर होतें, आणि ओटीपी आला तो दिवाणखान्यांत चार्जिंगला लावलेल्या माझ्या मोबाइलवर.

“तुमचें बिल यायच्या आंत भरणार होतों, मामा. घरांतल्या घरांत घेतले, ती चोरी कशी?”

मला उत्तर सुचेना. माझेंच लाडकें उदाहरण माझ्यापुढें येऊन उभें राहिलें होतें.

दुसऱ्या दिवशीं मीं कायद्याचीं पुस्तकें काढलीं. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळखीची तशीच खूण लबाडीनें वापरणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी कलमाखालीं तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. कांहीं काळापुरता केलेला अपहारही अपहारच, असें तर स्पष्टच म्हटलेलें. १ जुलै २०२४ ला जुनी संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तरी तें कायम राहिलें. २००२ सालीं नोएडा येथें कॉल सेंटरांत नोकरीला असलेल्या एका तरुणानें, कामाच्या ओघांत हातीं आलेल्या एका अमेरिकन बाईच्या कार्डावर रंगीत टीव्ही मागविला होता. फसवणूक शाबीत झाली. पण वय चोवीस आणि अपराध पहिलाच, म्हणून न्यायालयानें त्याला तुरुंगांत न धाडतां एक वर्षाच्या देखरेखीवर सोडलें. भाच्याचें वय वीस. तो मजकूर मीं दोनदां वाचला.

मला खरा घाम फुटला तो मात्र निराळ्याच विचारानें. मी गप्प बसलों असतों, तर बँकेकडून पैसे कदाचित् परत मिळाले असते, मुलगा सुटला असता आणि ताईच्या कानीं कांहीं गेलें नसतें. फक्त, खरें कळल्यावरही तो अर्ज तसाच ठेवणें ही बँकेची फसवणूक, आणि त्या गुन्ह्यांतला आरोपी भाचा नव्हे, मी! हा मोह माझ्या मनांत चांगला दोन दिवस टिकला, हें कबूल केलें पाहिजे.

तिसऱ्या दिवशीं आम्ही दोघे बँकेंत गेलों. पोलिसांत फिर्याद गेली नव्हती हें नशीब. एकदां गुन्हा नोंदला गेला म्हणजे मामाच्या माफीनें तो मिटत नाहीं, तडजोडीसाठींही न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. मी तक्रार मागें घेण्याचा अर्ज लिहीत असतां समोरची अधिकारी माझ्याकडे पाहण्याचें कटाक्षानें टाळीत होती. ती माझीच जुनी विद्यार्थिनी.

भाचा आतां शिकवण्या करून दरमहा एक हजार रुपये माझ्या मेजावर ठेवतो. परवां तो खोलीच्या दारांत उभा राहून म्हणाला, “मामा, कपाटांतलें एक पुस्तक घेऊं का?” आजवर त्यानें कधीं विचारलें नव्हतें. मीं ‘घे’ म्हटलें. त्याचें तें विचारणें मला आवडलें नाहीं, आणि विचारूं नकोस असेंही मला सांगतां येईना.