घोटी ते नाशिक, ३७ मिनिटं

कसारा घाट चढून झाला, इगतपुरी मागे पडली, की घोटीच्या टोलनाक्यावर मी गाडीत सांतानाचा 'अब्राक्सस' लावतो. १९७०चा अल्बम, जेमतेम ३७ मिनिटांचा. ट्रॅफिकने दगा दिला नाही, तर शेवटचं गाणं संपता संपता पांडवलेण्यांचा डोंगर दिसायला लागतो. करून बघा एकदा, सॉलिड मजा येते.

ऑफिसात हेडफोन लावून ऐकला तर हा अल्बम नुसता 'क्लासिक' वाटतो. म्हणजे छान, पण परका. नाशिकच्या रस्त्यावर तो एकदम घरचा होतो. का, ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

तसं बघितलं तर यातली दोन सगळ्यात गाजलेली गाणी चक्क उसनी. 'ब्लॅक मॅजिक वुमन' पीटर ग्रीनचं, त्याच्या फ्लीटवूड मॅकने १९६८ मध्ये आणलेलं. 'ओये कोमो वा' टिटो पुएन्तेचं, १९६२ सालचं चा-चा-चा. मेक्सिकोत जन्मलेल्या, सॅन फ्रान्सिस्कोत नाव काढलेल्या कार्लोस सांतानाने ती घेतली आणि अशी वाजवली, की मूळ गाणी कुणाची हे लोक विसरले. वय २३. तुमच्या टीममधल्या फ्रेशरएवढं!

त्याची गिटार भन्नाट आहेच, वादच नाही. 'सांबा पा ती' मध्ये एक शब्द नाही, तरी ती बोलते. पण मला विचाराल तर खरा फंडा गिटारच्या मागे आहे. हाताने वाजणारा काँगा आणि त्यावर कडकडणारे टिंबालीज. टिंबालीज म्हणजे धातूच्या अंगाचे, बारीक काठ्यांनी वाजवायचे ड्रम. आता ताशा आठवा. धातूचं भांडं, वर ताणलेलं पान, हातात दोन काड्या. कळलं?

नाशिक ढोलाच्या गावात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. बाबांना तर नाहीच लागलं. त्यांनी ही रेकॉर्ड १९७८ मध्ये मुंबईच्या चोरबाजारातून आणली. कव्हरवर माती क्लारवाइनचं १९६१चं चित्र: विवस्त्र मेरी, आणि काँगावर मांड ठोकून बसलेला लाल देवदूत. आजीने त्याच दिवशी त्यावर 'गावकरी'चा कागद चिकटवला. मी कॉलेजात जाईपर्यंत ही रेकॉर्ड म्हणजे बातम्या आणि बाजारभावच समजत होतो.

या वर्षी गेलो तो रंगपंचमीला. आमचा वाडा जुन्या नाशकात, तिवंध्याजवळ. आता तो पडणार. डेव्हलपमेंटच्या कागदांवर सोमवारी सह्या होत्या. फ्लॅट हवा म्हणून मीच मागे लागलो होतो. बाबा 'हो' म्हणाले होते, आणि त्यानंतर त्या विषयावर एक शब्द बोलले नव्हते.

दुपारी बाहेर रहाड उघडली होती. पेशवाईपासून चालत आलेले हे रंगाचे हौद, वर्षभर रस्त्याखाली झाकलेले. त्या दिवशी उघडतात आणि माणसं त्यात धप्पा मारतात. गल्लीत ढोल घुमत होते, खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. आत मी खोकी भरत होतो. रेकॉर्ड प्लेअर तर कधीच भंगारात गेलेला, म्हणून मोबाइलवर 'ओये कोमो वा' लावलं. काही तरी बोलायला निमित्त हवं होतं, झालं.

बाबा पलंगावर बसून होते. थोड्या वेळाने त्यांची बोटं पलंगाच्या कडेवर चालायला लागली. आधी मोबाइलबरोबर, मग बाहेरच्या ढोलाबरोबर, मग कुठल्या तरी तिसऱ्याच तालात, जो दोन्हींत बसत होता.

"बंद करू का, बाहेर गोंगाट आहे," मी म्हणालो.

"बंद कशाला? वाढव की."

सोमवारी सह्या झाल्या. रेकॉर्ड मात्र त्यांनी खोक्यात टाकू दिली नाही. 'गावकरी'च्या कागदासकट छातीशी धरून, एका हाताने कठडा चाचपत ते जिना उतरले.