हळदोण्याचे ट्रंपेट

बेळगावहून जांबोटीमार्गे चोरला घाट उतरला की साखळी, डिचोली ही गावे मागे टाकीत गाडी म्हापशास येते. तेथून थोड्याच अंतरावर हळदोणे हा गाव आहे. सरकारी पाट्यांवर त्याचे नाव ‘अल्दोना’ असे आढळेल. तेथील संत थॉमसचे चर्च १५९६ सालचे असून ते म्हापसा नदीच्या काठी उभे आहे. नदीपलीकडे खोर्जुवे बेट व त्यावरचा जुना किल्ला. बेटावर जाण्यास आता तारांनी तोलून धरलेला पूल झाला आहे. बहुतेक प्रवासी एवढे पाहून, छायाचित्रे घेऊन परततात. परंतु ह्या गावाची एक गोष्ट अशी आहे की ती डोळ्यांनी दिसत नाही, कानांनीच शोधावी लागते. १९१६ साली येथे अंतोनियो शाव्हियर वाझ नावाचा मुलगा जन्मास आला. पुढे साऱ्या मुंबईने त्यास ‘चिक चॉकलेट’ ह्या नावाने ओळखले आणि ‘हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणून गौरविले.

जॅझचे नाव काढताच आपल्याकडील कित्येक वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठ्या पडतात. हॉटेल, नाच आणि रात्रीचे जागरण एवढेच त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. त्यांनी ह्या मुलाची पहिली शाळा पाहावी. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या गावोगावी चर्चच्या आश्रयाने शाळा चालत. तेथे प्रार्थना व अक्षरओळख ह्यांच्या जोडीनेच पोरांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवीत. शिकविणारा तो ‘मेस्त्री’. सुताराचा नव्हे, गायनाचा! पाच ओळींवरचे ठिपके पाहून मुलाने चुकता कामा नये असा त्याचा कटाक्ष असे. आधी तोंडाने स्वर म्हणावयाचे, मग व्हायोलिन हाती यावयाचे. मिस्सेच्या वेळी गायनवृंदात आणि घरोघरच्या लदिनीत त्या विद्येची परीक्षा होई. वाझांच्या मुलाचा स्वरांशी परिचय झाला तो असल्याच शाळेत.

आईची इच्छा मात्र निराळी होती. मुलाने यंत्रकाम शिकावे, चार पैसे अब्रूने मिळवावेत, असे तिला वाटे. ह्यात त्या माउलीचे काय चुकले? वाजविणाऱ्याचे पोट हंगामावर चालते, हे गोव्याच्या आयांना पुस्तक वाचून कळावयाचे नव्हते. आजही एखादा मुलगा वाद्य हाती घेतो तेव्हा त्याच्या घरी हेच बोलणे निघते, आणि ते ऐकणाऱ्या धर्मगुरूस दोन्ही बाजूंचे म्हणणे पटते.

गोव्यातून पोट भरण्यास निघालेला माणूस त्या काळी मुंबईच्या धोबीतलावास येऊन पोहोचे. तेथे गावोगावच्या मंडळींनी चालविलेल्या ‘कूड’ नावाच्या वसतिखोल्या होत्या. जेर महालासारख्या इमारतींत त्या आजही आहेत. भिंतीशी ओळीने ट्रंका, एका टोकास वेदी, सायंकाळी सर्वांनी मिळून जपमाळ, आणि वर्षातून एकदा गावच्या संताचे फेस्त. खलाशी, आचारी व वादक तेथे शेजारी-शेजारी पथारी टाकीत. सायंकाळच्या जपमाळेनंतर वाद्याची पेटी उचलून हॉटेलाची वाट धरणे ह्यात त्यांस काही विसंगत वाटत नसे. मलाही वाटत नाही.

अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबी ह्या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा ताफा आला. त्यामागून ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ व पियानोवादक टेडी वेदरफोर्ड हे आले. वेदरफोर्डने आपल्या ताफ्यात गोवेकरांस घेतले. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड हे त्यांपैकीच. गोवेकरांस लिहिलेले संगीत वाचता येत होते. न लिहिलेले वाजवावे कसे, हे त्यांनी ह्या परदेशी पाहुण्यांपासून घेतले.

जॅझचे मर्म तेथेच आहे. आरंभी सर्वजण मिळून मूळ चाल वाजवितात. मग पियानो, मोठा बास व ढोल यांनी तीच स्वरसंगती फिरवीत ठेवावयाची आणि एकेकाने पुढे येऊन तिच्यावर आपल्या मनाची चाल उभारावयाची. शेवटी सर्वांनी पुन्हा मूळ चालीवर यावयाचे. भजनात एकजण अभंगाचा चरण घेऊन खेळवीत असता टाळ-मृदंग ठेका धरून राहतात, त्यासारखेच हे. चार-सहा जणांच्या अशा लहान ताफ्यास ‘कॉम्बो’ म्हणतात. ट्रंपेटचा आवाज सर्वांवर चढणारा, म्हणून पुष्कळदा नायकत्व त्याच्याकडेच येते. त्या वाद्यास कळा असतात अवघ्या तीन. एकच कळ दाबून अनेक स्वर निघतात. कोणता निघावा हे ओठांचा ताण व श्वास ठरवितात. ओठ थकले की वादक संपला!

चिक यांनी आपले वादन व गायन आर्मस्ट्राँगच्या वळणावर घडविले. ‘म्युझिक मेकर्स’ नावाचा ताफा घेऊन ते ताजमध्ये व त्याच्या शेजारच्या ग्रीन्स हॉटेलात वाजवीत. मग १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. दारूबंदीस विरोध करणारा मी नव्हे. दारूने धुऊन नेलेली घरे मी पाहिली आहेत. तथापि त्या कायद्याने हॉटेलांचा धंदा खालावला आणि अनेक वादकांच्या चुली थंडावल्या, हेही तितकेच खरे. त्यांना आसरा दिला तो चित्रपटांनी. कारण सोपे होते: संगीतदिग्दर्शक चाल गाऊन दाखवी, पण पन्नास वादकांनी ती एकत्र वाजवायची तर प्रत्येकापुढे लिहिलेला कागद हवा. तो लिहिण्याची विद्या होती गोव्याच्या चर्चशाळांतून आलेल्या मंडळींपाशी. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांचे साहाय्यक म्हणून चिक यांनी काम केले. १९५१ च्या ‘अलबेला’त तर भगवानदादांच्या नृत्यामागे चिक आपल्या वादकांसह पडद्यावरच दिसतात. ती गाणी लग्नाच्या वरातींतून अजून वाजतात. वरातीतल्या कितीजणांस हळदोण्याचे नाव ठाऊक असेल?

पुढे चर्चगेट भागातील लहान उपाहारगृहांत कॉम्बोंचे दिवस आले. ‘व्हेनिस’मध्ये मडगावचे ख्रिस पेरी ट्रंपेट वाजवीत व लोर्ना गात, कोकणी गाण्यास जॅझचा साज चढला तो ह्या जोडीमुळे. १९६४ साली खुद्द आर्मस्ट्राँग मुंबईस येऊन वाजवून गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६७ मध्ये, पन्नाशी गाठते न गाठते तोच चिक निवर्तले.

गोव्याच्या त्या जुन्या शाळांची जागा बहुतेक ठिकाणी नव्या धर्तीच्या शाळांनी घेतली आहे. संगीत तेथे असलेच तर आठवड्याचा एखादा तास असते, आणि मेस्त्री मिळणे दुर्घट झाले आहे. कोणाचे मुंबईस जाणे झाले तर ताजची उंच नवी इमारत अवश्य पाहावी. ग्रीन्स हॉटेल पाडून त्या जागी १९७३ साली ती उभी राहिली. दाराशी मोटारींची गर्दी असते, समोर समुद्र असतो. चिक यांचे ट्रंपेट ऐकावयाचे तर १९४०च्या दशकातल्या त्यांच्या तबकड्यांकडे वळावे लागते. खरखर पुष्कळ आहे, पण पहिली मूळ चाल संपून ते एकटे पुढे येतात तेव्हा एकही स्वर ढळत नाही.