घर सुटल्यानंतरचा कोंडुरा

तेंडोलीच्या परिसरांत 1930 सालीं जन्मलेले चिंतामणि त्र्यंबक खानोलकर, काव्यांतले 'आरती प्रभु', कुडाळास खानावळ चालवीत. धंदा चालेना, घर सोडून मुंबई गांठावी लागली. माझे कित्येक विद्यार्थी तसेच गेले, आणि माडांखालच्या घराचें छायाचित्र भिंतीस टांगून हळहळतात. खानोलकरांनीं 1966 सालच्या 'कोंडुरा' कादंबरींत गांवाची शोभा नव्हे, गांवाचें भय मांडलें. तेथें मिळालेला वरहि मनुष्यास पेलत नाहीं. माजघरांतल्या त्या अंधारांत आम्ही जन्मभर वावरलों, पण लिहिला तो घर सुटलेल्यानें! नारळी-पोफळींचीं सुबक वर्णनें मला त्यापुढें फिकीं वाटतात. 1976 सालीं ते वारले. वेंगुर्ल्याजवळ वायंगणीस कोंडुऱ्याचा किनारा आहे. कादंबरी वाचून झाल्यावर एकदां सायंकाळीं तेथें जाऊन बसावें.