उताराचे पाणी

काही चित्रपट कानांनी ऐकायचे असतात, काही डोळ्यांनी वाचायचे. बाँग जून-हो या कोरियन दिग्दर्शकाचा ‘पॅरासाइट’ दुसऱ्या प्रकारचा. मे २०१९ मध्ये कान महोत्सवात ‘पाम दोर’ मिळवणारा तो पहिला कोरियन चित्रपट ठरला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याने चार ऑस्कर पटकावले. त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचाही मान होता, जो इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतल्या चित्रपटाला तोवर कधीच मिळाला नव्हता.

आम्ही घरी दखनी बोलतो, शाळेत उर्दू शिकवतो आणि बाजारात मराठी बोलतो. कोरियन भाषेचा आम्हाला गंधही नाही. पडद्याखालच्या इंग्रजी ओळी वाचत चित्रपट पाहायला बसलो, पण थोड्याच वेळात त्या ओळींचे फारसे काम उरले नाही. गोष्ट संवादांपेक्षा जिन्यांत, खिडक्यांत आणि पाण्यात होती.

किम कुटुंब सोलमधल्या अर्ध्या तळघरात राहते. त्यांची खिडकी रस्त्याच्या पातळीवर आहे. तिच्यातून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय दिसतात आणि कोणी दारुडा तिच्यासमोरच लघवीला उभा राहतो. घरातली सर्वांत उंच जागा म्हणजे संडासाचा कट्टा. श्रीमंत पार्क कुटुंबाचे घर टेकडीवर. त्यांनाही खिडकी आहे, पण ती भिंतभर काचेची आणि पलीकडे हिरवळ. खिडकी दोन्ही घरांना आहे, पण एकीतून जग आत घुसते, तर दुसरीतून जग तसबिरीसारखे दिसते. यावर कोणी भाषण करत नाही. पार्कांचे घर आणि किम यांची गल्ली हे दोन्ही मुद्दाम उभारलेले सेट होते. गल्ली तर पाण्याने भरता यावी म्हणून मोठ्या टाकीत बांधली होती. म्हणजे कोण किती उंचीवर राहणार, हे दिग्दर्शकाने आधीच मोजून ठेवले होते.

किम कुटुंबातले चौघे नाते लपवून एकेक करून पार्कांकडे नोकरीला लागतात. मुलगा शिकवणी घेतो, मुलगी चित्रकला शिकवते, बाप गाडी चालवतो, आई घर सांभाळते. मग ती पावसाची रात्र येते. बाप आणि दोन्ही मुले टेकडीवरून पळत सुटतात. जिना, उतार, बोगदा, पुन्हा जिना. कॅमेरा त्यांच्यासोबत उतरत राहतो आणि पाणीही त्यांच्याच वाटेने खाली धावते. घरी पोहोचतात तर छातीएवढे पाणी. त्याच रात्री पार्कांचा मुलगा हिरवळीवर तंबूत मजेत झोपलेला असतो. दुसऱ्या दिवशी गाडीत मागे बसून पार्क बाई फोनवर सांगतात, पाऊस पडला ते किती छान झाले, हवा स्वच्छ झाली. पुढच्या सीटवर चालक किम. त्याने ती रात्र पूरग्रस्तांसोबत व्यायामशाळेच्या फरशीवर काढलेली असते. बाई नाकाशी हात नेतात आणि गाडीची काच खाली करतात. चालकाचा चेहरा आपल्याला दिसतो. तेवढेच.

महाबळेश्वरच्या माणसाला हा प्रसंग परका कसा वाटेल? इथे वर्षाला साधारण साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. धुके आणि धबधबे पाहायला लोक दुरून येतात. आम्ही मात्र पावसाआधी भिंतींना झड्या बांधतो, पूर्वी गवताच्या, हल्ली प्लास्टिकच्या. कपडे वाळत नाहीत म्हणून शेगडीवर धरतो. जुलैत वर्गात शिरले की मुलांच्या गणवेशाला ओलीचा आणि धुराचा एकत्र वास येतो. चित्रपटात पार्कांचा धाकटा मुलगा सांगतो, या सगळ्यांना सारखाच वास येतो. किम कुटुंब साबण बदलायचा विचार करते, तेव्हा मुलगी म्हणते, हा वास तळघराचा आहे, घर सोडल्याशिवाय जायचा नाही. ते ऐकून आमचा वर्गच डोळ्यांसमोर आला.

पार्क नवरा-बायको दुष्ट नाहीत, चांगले सभ्य आहेत. म्हणून तर ते नाक मुरडणे जास्त लागते. भाड्याची खोली शोधताना नाव सांगितल्यावर समोरच्याचा स्वर न बदलता चेहरा कसा बदलतो, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे.

पण चित्रपट आम्हाला फक्त खालच्या बाजूला बसू देत नाही. आम्ही वरचेही आहोत. कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री, सावित्री या पाच नद्या इथूनच निघतात. ऑगस्ट २०१९ मध्ये, म्हणजे कानच्या गौरवानंतर तिसऱ्याच महिन्यात, सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि ब्रह्मनाळला बचावाची बोट उलटून माणसे बुडाली. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरात एका दिवसात ५९० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि त्याच दिवसांत सावित्रीकाठचे महाड बुडाले. ऑगस्ट २०२२ मध्ये खुद्द सोलमध्ये अशाच अर्ध्या तळघरात पाणी शिरून एका कुटुंबातले तिघे गेले. पडद्यावरचे पाणी खोटे नव्हते.

उर्दूत शेजाऱ्याला ‘हमसाया’ म्हणतात. एकाच सावलीत राहणारा तो हमसाया. शेजाऱ्याचा हक्क आपल्याला लहानपणापासून शिकवला जातो, पण शेजारी म्हटले की आपण उजवीकडे-डावीकडे पाहतो. हा चित्रपट खाली पाहायला लावतो. पार्कांच्या छपराखाली, त्यांच्या पायांखाली एक माणूस वर्षानुवर्षे राहतो आहे आणि घरमालकाला त्याची खबरही नाही. त्यांच्याइतका जवळचा हमसाया कुणाला नसेल.

चित्रपट शाळकरी मुलांना दाखवण्याजोगा नाही. म्हणून आम्ही नववीच्या वर्गात फक्त दोन खिडक्या फळ्यावर काढल्या, एक रस्त्यालगतची आणि एक भिंतभर काचेची. विचारले, यांतून काय काय दिसेल ते काढा. मुलांनी पाय काढले, बाग काढली, पाऊस काढला. एका मुलाने तिसरीच खिडकी काढली. मोटारीची काच होती ती, आत सीट मागे पाडून झोपलेला माणूस आणि बाहेर हॉटेलचे दिवे. त्याचे वडील पर्यटकांची गाडी चालवतात. ते चित्र आम्ही वर्गाच्या भिंतीवर लावले आहे, सर्वांना दिसेल इतक्या उंचीवर.